निर्णयांचे जाळे आणि पूर्वपक्ष

कायद्याच्या ग्रंथांचा विचार साहित्यविषयक नियतकालिकात कशासाठी, असा प्रश्न ह्या लेखाचे शीर्षक पाहून काही वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. आम्ही वकील नाही आणि न्यायालयाची पायरी कोणी हौसेने चढत नाही. पण एक ग्रंथ दुसऱ्या ग्रंथाचे नाव घेतो तेव्हा नेमके काय घडते, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकाचाच आहे. आणि हे नाव घेणे ज्या लेखनात सर्वांत गंभीर परिणाम घडविते ते लेखन कायद्याचे होय. कवीने पूर्वसूरींचे ऋण मान्य केले नाही तर फार तर टीकाकार रागावतो. न्यायाधीशाने भलत्याच निर्णयाचा आधार घेतला तर एखाद्याची शेती जाते, एखादा तुरुंगात राहतो.

ह्या नाव घेण्याचा हिशेब मांडण्याची एक पद्धत गेल्या दोन-अडीच दशकांत परदेशांतील विद्यापीठांत चांगलीच रूढ झाली आहे. तिला आपण जाळ्याचे विश्लेषण म्हणू. प्रत्येक न्यायनिर्णय ही एक गाठ मानावयाची. एका निर्णयात दुसऱ्याचा उल्लेख आला की ह्या गाठीपासून त्या गाठीपर्यंत एक धागा ओढावयाचा. आणि असे हजारो धागे ओढून झाल्यावर जे जाळे तयार होईल त्यात कोणत्या गाठीवर किती भार पडला आहे हे गणिताने काढावयाचे. मूळ विचार जुना आहे. कोनिग्सबर्ग गावातील सात पूल प्रत्येकी एकदाच ओलांडून सर्व गाव फिरता येईल काय, ह्या कोड्याचे उत्तर ऑयलर ह्या गणितज्ञाने १७३६ साली दिले, ते जमिनीच्या तुकड्यांना बिंदू आणि पुलांना रेषा मानून. पूल दगडी होता की लाकडी, नदीला पाणी किती होते, ह्याचा विचार त्याने केला नाही. कोड्याला त्याची गरजच नव्हती. जे वगळले त्यामुळेच उत्तर मिळाले, ही गोष्ट पुढील विवेचनात वाचकांनी ध्यानात ठेवावी अशी आमची विनंती आहे.

कायद्याच्या क्षेत्रात ह्या पद्धतीचा ठळक प्रयोग अमेरिकेत झाला. जेम्स फाउलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाची १७९१ ते २००५ ह्या काळातील बहुमताची २६,६८१ निर्णयपत्रे एका जाळ्यात गुंफली. पाठोपाठ २००८ साली फाउलर आणि एका सहकाऱ्याने १७५४ ते २००२ ह्या काळातील ३०,२८८ निर्णयपत्रांचे दुसरे जाळे विणले. (१७५४ साली ते न्यायालय अस्तित्वातच नव्हते, त्याच्या निर्णयसंग्रहाच्या आरंभीच्या खंडांत पेन्सिल्व्हेनियातील जुने निवाडे छापले गेले, म्हणून ती तारीख इतकी मागे जाते. आकडे मांडणाऱ्याला आपले पुस्तक कोणी बांधले हेही पाहावे लागते, ते असे.)

ह्या अभ्यासकांनी केवळ डोकी मोजली नाहीत, हे प्रथम सांगितले पाहिजे. अमुक निर्णयाचा उल्लेख किती वेळा आला एवढेच पाहिले असते तर ते काम कोणत्याही कारकुनाने केले असते. क्लाइनबर्ग ह्या संगणकशास्त्रज्ञाने १९९९ साली मांडलेली एक कल्पना त्यांनी उचलली. तीप्रमाणे प्रत्येक गाठीला दोन प्रकारची योग्यता असते : एक, इतरांनी जिच्याकडे बोट दाखवावे अशी, दुसरी, योग्य ठिकाणी बोट दाखविण्याची. आणि ह्या दोन्ही एकमेकींवर अवलंबून. जाणत्याने ज्याचे नाव घेतले तो अधिकारी. आणि अधिकाऱ्यांची नावे अचूक घेतो तो जाणता. ही व्याख्या वर्तुळाकार आहे असे तर्कशास्त्राचा विद्यार्थी म्हणेल, आणि ते खरेच आहे. परंतु गणित ह्या वर्तुळात पुन्हा पुन्हा फिरून अखेर एका स्थिर उत्तरावर येते. विद्वानांच्या सभेत मान कोणाला मिळतो, ह्याचे आपल्याकडील वर्णनही फार वेगळे होणार नाही.

निष्कर्षही दुर्लक्ष करण्याजोगे नाहीत. पूर्वनिर्णयाला बांधून राहण्याचा दंडक त्या न्यायालयात एकोणिसाव्या शतकात हळूहळू कसा मुरत गेला, आणि वॉरन सरन्यायाधीश असतानाच्या काळात तो कसा ढिला पडला, हे आकड्यांतून दिसले. पुढे जे निर्णय उलटविले गेले ते सामान्य निर्णयांपेक्षा पुष्कळच महत्त्वाचे होते, असे आढळले. आणि सर्वांत बोलका निष्कर्ष हा की, उलटवावयाचा निर्णय जितका वजनदार, तितकी त्याला उलटविणाऱ्या निर्णयपत्रात जुन्या आधारांची जुळवाजुळव अधिक. मोडणारा हात परंपरेचे नाव अधिक मोठ्याने घेतो. हे निरीक्षण आम्हांस एखाद्या मर्मज्ञ टीकाकाराच्या तोडीचे वाटते, आणि ते एकेक निर्णय वाचून सहजी हाती आले नसते, हे मान्य करण्यात आम्हांस संकोच नाही.

तेव्हा आमची तक्रार ह्या पद्धतीने मोजले म्हणून नाही. धागा ओढताना तो कोणत्या स्वरात ओढला गेला ते तिने पुसून टाकले, ही आमची तक्रार आहे. आणि गंमत अशी की ज्या धंद्यातून ही विद्या निघाली त्याला हा भेद पक्का ठाऊक होता. फ्रँक शेपर्ड नावाच्या गृहस्थाने अमेरिकेत १८७३ साली वकिलांसाठी एक सोय काढली. एखाद्या निर्णयाचा उल्लेख पुढे कोठे कोठे आला, ह्याच्या याद्या डिंक लावलेल्या चिठ्ठ्यांवर छापून तो विकीत असे. वकिलाने त्या आपल्या पुस्तकात त्या त्या निर्णयाशेजारी चिकटवाव्या. चिठ्ठ्यांची पुढे जाड पुस्तके झाली, आणि त्या पुस्तकांत नुसता उल्लेख नव्हे तर उल्लेखाची जात सांगणारी अक्षरे छापली जात : हा निर्णय अनुसरला, ह्याच्याहून प्रस्तुत प्रकरण वेगळे ठरविले, ह्यावर टीका केली, हा रद्द केला. युजीन गारफील्डने विज्ञानातील निबंधांची संदर्भसूची काढण्याची कल्पना १९५५ साली मांडली ती शेपर्डचा नमुना समोर ठेवून. आणि गारफील्डच्या सूचीमागील विचार पुढे संगणकाच्या शोधयंत्रांत उतरला. ह्या प्रवासात अक्षरे गळून पडली आणि आकडा तेवढा राहिला. तो आकडा आता फिरून कायद्याच्या घरी पाहुणा म्हणून आला आहे. आपल्या महाविद्यालयांतील अध्यापकांची योग्यताही अशाच आकड्यांनी जोखली जाते, हे आमच्या वाचकांना आम्ही सांगावयास नको.

आता हा भेद किती खोल आहे ते पाहण्यासाठी आपल्या घरातील एक ग्रंथ घेऊ. मिताक्षरा ही याज्ञवल्क्यस्मृतीवरील टीका विज्ञानेश्वराने कल्याणी येथे, चालुक्य राजा सहाव्या विक्रमादित्याच्या राजवटीत लिहिली. ते कल्याणी म्हणजे बिदर जिल्ह्यातील आजचे बसवकल्याण. एके काळच्या हैदराबाद संस्थानातील आमच्या वाचकांना ते गाव परके नाही. ह्या ग्रंथात पूर्वीच्या लेखकांची नावे पुष्कळ येतात : विश्वरूप, मेधातिथी, असहाय, भारुचि, श्रीकर, धारेश्वर. जाळ्याच्या रीतीने पाहता ह्या प्रत्येक नावाकडे मिताक्षरेपासून एक धागा जाईल आणि प्रत्येकाच्या पदरात अधिकाराचा थोडा अंश पडेल.

पण ही नावे येतात कशी? पुत्रहीन मनुष्य मेला तर त्याच्या पत्नीला धन मिळावे की नाही, हा त्या काळचा मोठा वादाचा प्रश्न. याज्ञवल्क्याच्या वचनात पत्नीचा क्रम प्रथम आहे. पण इतर स्मृतींत तिला केवळ पोटापुरते द्यावे असे सांगणारी वचनेही आहेत. धारेश्वराने तोड काढली की, नियोगाला तयार असेल त्या विधवेनेच धन घ्यावे. श्रीकराची तोड निराळी : धन थोडे असेल तर विधवेने घ्यावे, पुष्कळ असेल तर नाही. विज्ञानेश्वर ही दोन्ही मते मांडतो, आणि मांडतो ती पाडण्यासाठी. विभक्त झालेल्या व पुन्हा एकत्र न झालेल्या पुत्रहीन पुरुषाची साध्वी पत्नी सर्वच धन घेते, असा त्याचा सिद्धान्त आहे. म्हणजे येथे धारेश्वराचा उल्लेख हा त्याला मान देणारा धागा नसून त्याचा हात बाजूला सारणारा धागा आहे. धारेश्वर म्हणजे धारचा भोज राजा असे पां. वा. काणे ह्यांनी ठरविले आहे. माळव्यातील आमच्या बंधूंना ते ऐकून थोडे वाईट वाटेल, पण ह्या वादात राजाची बाजू पडली आणि विधवेची उभी राहिली.

आपल्या शास्त्रकारांनी ह्या दोन स्वरांसाठी नावेच ठेवली आहेत : पूर्वपक्ष आणि सिद्धान्त. पूर्वपक्ष सांगताना लेखक दुसऱ्याच्या तोंडाने बोलतो, पुष्कळदा मूळ लेखकाहूनही चांगले बोलतो. नवशिका विद्यार्थी तेथेच थांबला तर ग्रंथकाराचे मत नेमके उलटे समजून घरी जातो. जाळे ह्या नवशिक्या विद्यार्थ्यासारखे आहे. आणखी एक अडचण अशी की, संस्कृत टीकाकार कित्येकदा नावच घेत नाही. केचित्, अन्ये, अपरे असे म्हणून तो पुढे जातो. हे धागे एका बाजूने सुटे आहेत. दुसरे टोक कोठे बांधावे हे वाचणाऱ्यानेच शोधावयाचे. आणि नाव न घेता जे सरळ उचलले जाते त्याचा तर धागाच नाही. साहित्याच्या इतिहासात सर्वांत मोठी ऋणे बहुधा अशीच असतात.

कोणी म्हणेल, हा दोष दुरुस्त करता येण्याजोगा आहे. धाग्याला रंग द्यावा, अनुकूलाला एक आणि प्रतिकूलाला दुसरा. ते खरे आहे, आणि तसे प्रयत्नही होत आहेत. पण रंग देण्यासाठी आधी वाचावे लागते, एवढेच आमचे म्हणणे. शिवाय ह्याहून एक खोल अडचण आहे, ती धाग्याची नसून गाठीची आहे.

अधिकार हा ग्रंथाच्या अंगच्या गुणाने येतो की स्वीकाराने? ह्या प्रश्नाचे एक उत्तर आपल्या देशातील न्यायदानाच्या इतिहासात नोंदलेले आहे. हिंदूंच्या वारसा, विवाह आदी बाबींचा निर्णय शास्त्राप्रमाणे करावा असे वॉरन हेस्टिंग्जने १७७२ साली ठरविले आणि न्यायालयांना पंडित जोडून दिले. पंडित सांगे ते शास्त्र. ते खरे सांगतात की नाही ही शंका इंग्रज न्यायाधीशांच्या मनातून गेली नाही, म्हणून भाषांतरे हवीशी झाली. कोलब्रुकने मिताक्षरेचे दायविभागप्रकरण आणि जीमूतवाहनाचा दायभाग ह्यांचे इंग्रजी भाषांतर १८१० साली एकत्र प्रसिद्ध केले. नीलकंठ भट्टाच्या व्यवहारमयूखाचे बोराडेलकृत भाषांतर १८२७ साली सुरतेस निघाले. १८६४ साली न्यायालयांतील पंडितांची पदे बंद झाली. आता ह्या काळातील निर्णयांचे कोणी जाळे विणले तर मिताक्षरा आणि दायभाग ह्या दोन गाठी डोंगराएवढ्या दिसतील, आणि कित्येक मान्य निबंधग्रंथ ठिपक्यासारखे. हे त्या ग्रंथांचे शास्त्रीय वजन नव्हे. न्यायाधीशाला जे वाचता येत होते त्याचे वजन आहे. मिताक्षरेचा मान भाषांतरापूर्वीही मोठाच होता, ह्यात शंका नाही. परंतु मूळचा मान किती आणि कोलब्रुकच्या छपाईचा किती, हे जाळे सांगू शकणार नाही, कारण त्याला दोन्ही धागे सारखेच.

१८६८ साली मदुरेच्या कलेक्टराच्या प्रसिद्ध खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने ह्याच प्रश्नाला हात घातला. न्यायाधीशाने प्राचीन वचनांतून नियम निघतो की नाही हे पाहण्यापेक्षा त्या प्रांतातील परंपरेने तो स्वीकारला आहे की नाही हे पाहावे, आणि रूढी स्पष्टपणे सिद्ध झाली तर ती लिखित वचनावर मात करील, असा त्या निर्णयाचा आशय आहे. स्वीकार हीच कसोटी. नवे गणिती हेच तर म्हणतात, असे आम्हांस वाटले. मात्र प्रिव्ही कौन्सिल ज्या स्वीकाराविषयी बोलत होते तो गावोगावच्या कुटुंबांचा, पंचायतींचा, दत्तकविधानांचा होता. आणि जाळ्यात उमटतो तो न्यायालयाच्या छापील पानावरचा. व्यवहारमयूखाचे उदाहरण पाहावे. नीलकंठाचे घराणे मूळचे पैठणचे, ग्रंथ लिहिला सतराव्या शतकात काशीच्या विद्वत्परंपरेत, आणि कायदा म्हणून त्याचा अंमल बसला तो गुजरात, मुंबई बेट आणि उत्तर कोकण ह्या भागांत. तेथे मतभेद झाल्यास मिताक्षरेपेक्षा मयूखाचे चाले. बडोद्याच्या मराठी मंडळींना हे आजोबांच्या काळच्या वाटणीपत्रांवरून ठाऊक असेल. पैठण, काशी आणि सुरत ह्यांना जोडणारी ही वाट कोणत्याही निर्णयपत्राच्या तळटीपांत सापडत नाही.

आणखी एक चमत्कार पाहण्यासारखा आहे. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाच्या सहाव्या कलमात मिताक्षरेचे नाव आहे, आणि मुलींना सहदायादाचा हक्क देणारे ते कलम २००५ साली नव्याने लिहिले गेले तेव्हाही ते नाव राहिले. कल्याणीच्या एका संन्याशाने लिहिलेल्या टीकेचे नाव संसदेच्या कायद्यात असावे, ह्याचा अभिमान वाटावयास हरकत नाही. पण आज एखादे निर्णयपत्र मिताक्षरा हा शब्द वापरते तेव्हा त्या ग्रंथाचे पान कोणी उघडलेले असते काय? तो शब्द आता ग्रंथाचा निर्देश नसून एका वारसापद्धतीचे नाव झाला आहे. गाठ तीच, नाव तेच, पण आत ग्रंथ नाही.

उलट प्रकारही घडतो : एकाच गाठीत दोन ग्रंथ असतात. जबलपूरच्या अतिरिक्त जिल्हा दंडाधिकाऱ्याचा खटला म्हणून ओळखला जाणारा निर्णय आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २८ एप्रिल १९७६ रोजी दिला. आणीबाणीत स्थानबद्ध केलेल्या माणसाला न्यायालयाकडे दाद मागता येणार नाही, असे चार न्यायमूर्तींनी ठरविले. न्यायमूर्ती हंसराज खन्ना ह्यांनी एकट्याने विरुद्ध मत लिहिले. पुढे जानेवारी १९७७ मध्ये त्यांची ज्येष्ठता डावलून दुसऱ्यास सरन्यायाधीश नेमले गेले आणि त्यांनी राजीनामा दिला. २४ ऑगस्ट २०१७ रोजी, पुट्टस्वामी खटल्यात, नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणाचा हक्क मूलभूत ठरविताना जबलपूरचा निर्णय रद्द केला आणि खन्ना ह्यांचेच म्हणणे बरोबर होते असे नमूद केले. ते प्रमुख निर्णयपत्र लिहिणाऱ्या न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड ह्यांचे वडील यशवंतराव चंद्रचूड हे १९७६ च्या बहुमतातील एक होते, हे वाचकांना स्मरत असेलच.

आता जाळ्यात ह्याचे काय होते ते पाहा. जबलपूरचा निर्णय ही एक गाठ. तिचा धिक्कार करणारा धागा आणि खन्नांना वंदन करणारा धागा हे दोन्ही त्याच गाठीवर येऊन पडतात, आणि त्या गाठीचा भार वाढतो. अमेरिकेतील अभ्यासकांनी बहुमताचीच निर्णयपत्रे घेतली, म्हणजे तेथे खन्नांसारख्याला गाठीतही जागा नाही. आपल्याकडे हा काही एकच प्रसंग नव्हे. गोपालन खटल्यात १९५० साली न्यायमूर्ती फजल अली ह्यांनी जे एकाकी मत लिहिले त्याच दिशेने न्यायालय बँकांच्या राष्ट्रीयीकरणाच्या खटल्यात १९७० साली वळले. वीस वर्षे ते मत छापील पानावर होते. मोजणाऱ्याच्या दृष्टीने ते पराभूत. वाचणाऱ्याच्या दृष्टीने ते वाट पाहत असलेले.

ह्यावर, जाळे हे वाचनाचा पर्याय नसून वाचनाची वाट दाखविणारे साधन आहे, असे त्या पद्धतीचे समंजस पुरस्कर्ते सांगतात. आम्ही ते मानतो. परंतु साधनाची वाट हळूहळू एकमेव वाट होते, हे कोलब्रुकच्या भाषांतराने एकदा दाखविले आहे. ज्याचे भाषांतर झाले ते उद्धृत झाले, जे उद्धृत झाले ते पुन्हा उद्धृत झाले, आणि जे राहिले ते राहिलेच. आज निर्णयांची संगणकावरील भांडारे उघडली की कित्येक ठिकाणी निर्णयाच्या डोक्यावरच त्याचा उल्लेख किती वेळा झाला तो आकडा दिसतो. तरुण वकिलाने हजारांच्या आकड्याचा निर्णय आधी उघडावा हे साहजिक आहे. आणि तो उघडून त्याने आपल्या अर्जात घातला की आकड्यात एकाची भर पडते.

ह्या सर्व विवेचनात पां. वा. काणे ह्यांचे स्मरण वारंवार होते. १९३० ते १९६२ ह्या काळात प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासातील पहिला खंड एका दृष्टीने जाळेच आहे : कोण कोणाचे नाव घेतो, कोण घेत नाही, आणि त्यावरून कोण आधीचा व कोण नंतरचा. बहुतेक ग्रंथकारांचा काळ त्यांनी ह्याच पुराव्याने ठरविला. ह्या कामी संगणक नव्हता. होत्या त्या हस्तलिखित पोथ्या आणि एका माणसाची दृष्टी.

आणि त्यांनी ह्याच्याही पुढचे एक काम केले. व्यवहाराच्या, म्हणजे न्यायदानाच्या विषयात ज्याचा शब्द निबंधकारांना अत्यंत मोलाचा वाटे त्या कात्यायनाची स्मृती आज नाही. पोथी सापडत नाही. सापडतात ती इतरांच्या ग्रंथांत विखुरलेली त्याची वचने. जाळ्याच्या भाषेत ही अशी गाठ की जिच्याकडे शेकडो धागे येतात आणि जी स्वतः जागेवर नाही. काण्यांनी ते सर्व धागे उलट दिशेने चालत नेले. एकच वचन कोठे कात्यायनाच्या नावावर तर कोठे बृहस्पतीच्या. कोठे पाठ निराळा. कोठे टीकाकाराने अर्धेच वचन घेतलेले, कारण उरलेले अर्धे त्याच्या सोयीचे नव्हते. ह्यांतील प्रत्येक ठिकाणी थांबून, तोलून, त्यांनी १९३३ साली नऊशेहून अधिक श्लोकांचा कात्यायन पुन्हा उभा केला, आणि कोणता श्लोक कोणत्या ग्रंथातून मिळाला ते सांगत गेले.